सुरी : अवजार कीं शस्त्र ?

घरांत भाजी चिरणारी सुरी आणि रस्त्यावर एखाद्याचा जीव घेणारी सुरी यांच्या पात्यांत पुष्कळदां कांहींच भेद नसतो. म्हणून सुरी बाळगणें हा गुन्हा आहे काय, या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. वस्तु कशासाठीं घडविली, ती केवढी आहे आणि ती कोठें व केव्हां बाळगली, हें सर्व कायदा पाहतो.

आपल्या देशांत या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. केवळ घरगुती अथवा शेतीच्या कामासाठीं केलेल्या वस्तू त्याच्या दृष्टीनें शस्त्रें नव्हेत. परंतु अशा उपयोगाची नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी २०१६ च्या नियमांनीं शस्त्रांच्या यादींत घातली आहे. केंद्र सरकार अधिसूचनेनें ठरवील त्या प्रदेशांत अशीं शस्त्रें बाळगण्यास परवाना लागतो.

वयाविषयीं बराच गैरसमज आढळतो. या अधिनियमांतील २१ वर्षांची अट अग्निशस्त्रें व दारूगोळा यांपुरती आहे. सुरीस ती लागू नाहीं. यावरून लहान चाकू खिशांत घालून कोठेंही फिरावें, असें मात्र कोणीं समजूं नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३७ अन्वयें पोलीस आयुक्त अथवा जिल्हा दंडाधिकारी ठराविक काळापुरती सुऱ्या, काठ्या, किंबहुना इजा करण्यास उपयोगी पडणारी कोणतीही वस्तु घेऊन फिरण्यास मनाई करूं शकतात. तेव्हां पात्याची लांबी सांगून सुटका होत नाहीं.

मुलगा सुरी जवळ ठेवतो तो पुष्कळदां भीतीपोटीं. पण भांडणाच्या भरांत ती बाहेर निघते. भारतीय न्याय संहिता, २०२३ प्रमाणें साध्या दुखापतीस १ वर्षापर्यंत कारावास आहे. तीच दुखापत धारदार हत्यारानें केल्यास तो ३ वर्षांपर्यंत होऊं शकतो. १८ वर्षांखालील मुलाचें प्रकरण बाल न्याय मंडळापुढें जातें. तथापि १६ वर्षें पूर्ण झालेल्या मुलाच्या हातून खून घडल्यास, २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें मंडळाच्या चौकशीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणें खटला चालूं शकतो.

ज्यास कोणाची भीति वाटत असेल त्यानें ती वडीलधाऱ्यांस किंवा शिक्षकांस सांगावी. सांगतांना लाज वाटेल. पण ती लाज एका दिवसाची असते.