शाळेच्या कारभारात पालकांची खुर्ची

मूल जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत आहे? मग शाळा व्यवस्थापन समितीत जरूर जा! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान पंचाहत्तर टक्के, म्हणजे चारांत तीन सदस्य पालकच असायला हवेत, आणि निम्म्या महिला. मुख्याध्यापक सचिव, अध्यक्ष मात्र पालकांमधूनच. पालक सदस्यांची निवड पालकसभेत होते.

समिती फक्त सह्यांसाठी नाही. शाळेचा विकास आराखडा तीच तयार करते, अनुदान कुठे खर्च झालं ते तपासते. स्वच्छतागृह, पाणी, पोषण आहार, शिक्षकांची हजेरी, सगळं इथेच विचारता येतं. मला तर लोकशाहीतली ही सर्वांत जवळची जागा वाटते. मानधन नाही, शिक्षणाची अट नाही. पुढच्या पालकसभेला जा आणि नाव सुचवा, विशेषतः आयांनो!