'अजिंक्य' जंजिरा : वेढे कुणाचे, खांदे कुणाचे?

मुरूडजवळच्या जंजिऱ्यासाठी आपल्याकडे एक विशेषण ठरून गेलेले आहे : अजिंक्य. सहलीला नेणारा गुरुजी हेच सांगतो, होडीतला वाटाड्याही हेच सांगतो. या विशेषणात सत्य अर्धेच आहे. शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना आणि पुढे पुण्याच्या पेशव्यांना हा किल्ला घेता आला नाही, हे खरे. परंतु तो कुणी कधी घेतलाच नाही, हे खोटे. जंजिरा एकदा घेतला गेला आणि ज्यांच्याकडून घेतला गेला ते कोळी होते.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरील या बेटावर कोळ्यांनी चाच्यांपासून रक्षण व्हावे म्हणून लाकडी ओंडक्यांचा मेढेकोट उभारला होता. त्यांचा नायक राम पाटील. तो निजामशाहीच्या अंमलदारांना जुमानीना. तेव्हा पंधराव्या शतकाच्या अखेरीस पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, मद्याच्या पिंपांबरोबर त्याने माणसे आत घेतली आणि मेढेकोट बळकावला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. आजचा दगडी कोट त्यानंतरचा, १५६७ ते १५७१ या काळातला. म्हणजे 'अजिंक्य' किल्ल्याचा इतिहासच मुळी एका पराभवाने सुरू होतो. तो पराभव मोजला जात नाही, कारण हरलेल्यांजवळ ना सिंहासन होते, ना बखरकार.

किल्ला धरून बसलेले सिद्दी कोण, हेही नीट समजून घेतले पाहिजे. हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा आफ्रिकेचा मुलूख. तिथून माणसे पकडून, विकून गुलाम म्हणून दख्खनेत आणली जात. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर असाच विकला गेलेला गुलाम होता. जंजिऱ्याच्या सिद्दींमध्ये पुष्कळ काळ सरदाराचा मुलगाच सरदार होई असे नाही. आरमारातील पहिल्या दर्जाचा अधिकारी त्याच्या जागी येई. जन्मावर दर्जा ठरविणाऱ्या या देशात ही रीत लक्षात घेण्याजोगी आहे. किल्ला टिकण्याचे तेही एक कारण होते.

आता वेढ्यांकडे वळू. शिवाजी महाराजांच्या फौजा १६५७ पासून या बाजूला येत होत्या. १६७० च्या सुमारास वेढा इतका आवळला गेला की सरदार फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला. तेव्हा त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला कैद केले आणि विजापूरचा आश्रय सोडून मोगलांचा धरला. औरंगजेबाकडून पैसा आणि पदव्या मिळाल्या. १६७१ मध्ये होळीच्या रात्री सिद्दी कासमने किनाऱ्यावरचे दंडाराजपुरी परत घेतले. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन आले, तेही माघारी फिरले. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनारा आणि बेट यांच्यामधला समुद्रच दगडांनी भरून काढायला घेतला. परंतु मोगल सरदार हसनअली खान कोकणात उतरला आणि महाराजांना तिकडे वळावे लागले. १७३३ मध्ये बाजीरावाने मोहीम काढली, तेव्हा पेशवा, प्रतिनिधी आणि आंग्रे यांची तोंडे तीन दिशांना होती. रायगड परत मिळाला, जंजिरा राहिला. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात याला मारले. तरीही किल्ला सिद्दींकडेच राहिला तो १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत.

प्रत्येक वेळी किल्ला का वाचला? वेढा म्हणजे उपासमारीचे युद्ध. ज्याची रसद आधी तुटेल तो हरतो. जंजिऱ्यात गोड्या पाण्याची तळी होती, तटावर लांब पल्ल्याच्या तोफा होत्या आणि समुद्राची वाट मोकळी होती. वेढा घालणाऱ्याला मात्र पावसाळ्याआधी काम उरकावे लागे. त्यात सिद्दीच्या आरमाराला पावसाळ्यात मुंबईच्या इंग्रजांकडे आसरा मिळे, कारण त्यांना सुरतेच्या व्यापारासाठी मोगलांची मर्जी राखायची होती. हे हिंदू आणि मुसलमान यांचे युद्ध होते असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. विजापूर सोडून दिल्ली धरणारा सिद्दी, त्याला आसरा देणारा ख्रिस्ती इंग्रज आणि महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान यांना धर्माच्या एका रेघेने विभागता येत नाही.

रसदीचा प्रश्न केवळ समुद्राने निर्माण केला नव्हता. जंजिऱ्यावर शह म्हणून महाराजांनी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. तिथल्या लोकांना पैसा आणि धान्य पोचविण्याची जबाबदारी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्यावर होती. त्याने ती पाळली नाही. १६७५ च्या पत्रात महाराजांनी त्याला खडसावले : हबशाने तुला फितवले असेल, तू ब्राह्मण म्हणून कुणी गय करणार नाही. पत्राची ही एवढी बाजू आपण सभांमधून अनेकदा सांगतो. तिची दुसरी बाजू अशी की, कचेरीत एक कागद अडला म्हणजे समुद्रातल्या खडकावर भर लाटांत दगड रचणारी माणसे उपाशी राहतात. त्या माणसांची नावे पत्रात नाहीत.

एक नाव तेवढे उरले आहे, लाय पाटील या कोळ्याचे. रात्रीच्या अंधारात त्याने आपल्या माणसांनिशी जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. ज्यांनी त्या चढायच्या ते धारकरी वेळेवर आलेच नाहीत. उजाडू लागले, तेव्हा त्याला शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला आणि दर्यावर पालखीचा काय उपयोग म्हणून त्याने तो नाकारला, असे सांगतात. आपण ही गोष्ट निष्ठेची म्हणून ऐकवतो. मला तीत श्रमाची विभागणी दिसते. सर्वांत जोखमीचे काम ज्याच्या वाट्याला आले, त्याच्या हाती मोहिमेचा निर्णय नव्हता.

परंतु सिद्दी गुलामीतून वर आले म्हणून त्यांना डोक्यावर घेण्याची घाईही आपण करू नये. त्यांनी जिंकलेल्या गढीतली मुले आणि तरुण स्त्रिया गुलाम केल्याचे मोगल इतिहासकार खाफीखान नोंदवतो. गुलाम सत्तेवर बसला. गुलामी गेली नाही. जंजिऱ्याला नबाब झाले, आणि त्याच आफ्रिकेतून आणलेल्या इतरांचे वंशज कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलात मजुरी करीत राहिले. २००३ मध्ये त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत करावा लागला. नबाबाच्या तोफांनी त्यांचे रक्षण केले नाही. आपल्यातले चार जण खुर्चीवर बसले म्हणजे समाज मुक्त झाला असे मानणाऱ्यांनी या दोन चित्रांकडे एकत्र पाहावे.

जंजिऱ्याला सहली जातच राहतील. शिक्षकांना एवढेच सांगणे आहे की, विद्यार्थ्यांना बुरूज मोजायला लावा, तोफेची लांबी विचारा. त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारा. १६८२ मध्ये समुद्रात टाकलेले दगड कुणाच्या डोक्यावरून आले? आणि तटाच्या आत त्या वेळी पाणी कोण भरत होते? उत्तरादाखल नावे मिळणार नाहीत. ती का मिळत नाहीत, हे समजावून सांगणे हाही इतिहासाचा तास आहे.