एकबारी बंदुकीचे वय

एक बार काढला की पुन्हा भरावी लागणारी बंदूक कोकणात अजून इतिहासजमा झालेली नाही. गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या गावांत आंबा-काजूच्या बागांवर रानडुकरे आणि वानरांच्या धाडी पडतात आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगली जाते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. परवान्याची तारीख ही मात्र बंदुकीची जन्मतारीख नव्हे.

ती ठरवताना पहिला प्रश्न बार कसा पेटतो हा. तोड्याची बंदूक, मग चकमकीची, मग स्फोटक टोपीची असा क्रम आहे. पण १८४० च्या सुमारास चकमकीच्या कित्येक बंदुका टोपीच्या करून घेतल्या गेल्या. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर स्क्रूची बुजवलेली भोके दिसली, तर तिथे पूर्वी रंजकाची वाटी होती. अशा बंदुकीला दोन वये असतात.

स्नायडर रायफलीचेही तसेच. ब्रिटिश सैन्याने ती १८६६ मध्ये स्वीकारली, पण सुरुवातीच्या स्नायडर म्हणजे १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुका. मागचा भाग कापून तिथे बाजूला उघडणारे झाकण बसवलेले. त्यामुळे पट्टीवर १८६२ आणि झाकण १८६६ नंतरचे, यात खोटे काही नाही.

मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ ची. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की ठोकळा खाली जातो आणि ०.४५० इंची काडतूस आत सरकवता येते. उजव्या बाजूला मुकुट, राणी व्हिक्टोरियाची व्ही. आर. ही अक्षरे, कारखाना, साल आणि नमुन्याचा रोमन आकडा असतो. दुसरा नमुना १८७७ चा, तिसरा १८७९ चा. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारी सेवेतून विकलेली. बनावटीच्या सालावरून वापराचा काळ ठरवणे धोक्याचे आहे: २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हाती मार्टिनी होत्या, तर मुंबई ग्रेनेडियर्सच्या हाती स्नायडरच.

संग्राहक सर्वांत जास्त फसतो तो वायव्य सरहद्दीवरच्या नकलांत. दर्रा आदम खेलच्या कारागिरांचे हात कसबी, पण इंग्रजी अक्षरओळख बेताची. उलटा एन हा त्यांचा ठसाच म्हणावा. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली, तेव्हा व्ही. आर. खाली १९०८ असेल तर पुढे तपासायची गरज नाही.

नेपाळात बनलेल्या गहेंद्र रायफलींवर देवनागरी अंक असतात. मराठी माणसाला ते सहज वाचता येतात आणि तिथेच तो चकतो. १९५० हा तिथे विक्रम संवत असतो. ५७ वजा केले की १८९३ येते. शकात ७८ मिळवायची सवय इथे उपयोगाची नाही.

गंज आणि काळपटपणा घासून काढू नये. ठसे उथळ असतात आणि पॉलिशने आधी तेच जातात. कायद्याचे म्हणाल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती बंदूक म्हणून वापरण्याजोगी नसली तरच. ज्या मार्टिनीतून बार निघू शकतो, ती दीडशे वर्षांची असली तरी परवान्याखालीच येते.