ओळखा पाहू, हा पक्षी कोणता?

(प्रवासात आपल्याला अनेक पक्षी दिसतात. त्यांतले फार थोडे आपण ओळखतो. पक्षी कसा ओळखावा, केवळ रंगावर विसंबून का राहू नये आणि नीट पाहण्याचा उपयोग काय, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, समजा डिसेंबर महिना आहे. तुमच्या शाळेची सहल रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघाली आहे. अंतर फार नाही, सुमारे २५ किलोमीटर. आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या काठाने जातो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला निळे पाणी. खिडकीशी बसलेला तुमचा मित्र एकदम ओरडतो, "तो बघ, काळा पक्षी!" तुम्ही वळून पाहता, तोवर गाडी पुढे गेलेली असते.

कोणता पक्षी होता तो? 'काळा पक्षी' एवढ्यावरून काही सांगता येईल का?

तो कावळा असू शकेल. विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल असू शकेल. आंब्याच्या पानांत लपलेला कोकीळ असू शकेल. नाहीतर खाडीकाठी बसलेला पाणकावळाही असू शकेल. चौघेही काळेच! मग त्यांना वेगळे कसे ओळखायचे?

अशा वेळी मनाशी चार प्रश्न विचारावेत. पक्षी कुठे आहे? केवढा आहे? दिसतो कसा? आणि करतो काय?

आता पुन्हा त्या काळ्या पक्ष्याकडे पाहा. तो उघड्यावर, तारेवर बसला होता. अंगाने साळुंकीएवढा, म्हणजे तुमच्या मैनेएवढा होता. शेपूट मात्र लांब आणि टोकाला दुभंगलेले होते. मध्येच तो हवेत झेपावला, एक किडा पकडला आणि परत त्याच तारेवर येऊन बसला. मग तो कोतवालच. त्याच्या घरट्याजवळ कावळा किंवा घार आली, तर हा एवढासा पक्षी तिच्या मागे लागून तिला हाकलून देतो. म्हणून तर त्याला कोतवाल म्हणतात!

पाणकावळा असता, तर तो पाण्याजवळ दिसला असता. तो पाण्यात बुडी मारून मासे पकडतो. मग खडकावर किंवा खुंटावर बसून दोन्ही पंख पसरतो आणि उन्हात वाळवतो. कोतवाल असे कधी करत नाही. कोकीळ झाडाच्या दाट पानांत राहतो. त्याचे डोळे लाल असतात. कोयल हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे. मराठीतही आपण 'कोकिळा गाते' असे म्हणतो. पण 'कुहू कुहू' अशी साद घालतो तो काळा नर. मादी तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. नर आणि मादी शेजारी बसले, तर ते एकाच जातीचे आहेत हे पुष्कळांना खरे वाटणार नाही.

पाहिलेत ना? एकटा रंग आपल्याला फसवतो.

गाडी आता गणपतीपुळ्याला पोचली. वाळूच्या किनाऱ्याला कोकणात पुळण म्हणतात. येथील पुळण लांबच लांब आहे. किनाऱ्याला लागूनच डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी देऊळ आहे. माणसांची गर्दी सोडून थोडे दूर चला. ओल्या वाळूवर मातकट रंगाचे छोटे पक्षी पळताना दिसतील. हे चिखले. चिखल्या थोडे पळतो, एकदम थांबतो, वाळूत टोच मारतो आणि पुन्हा पळतो. उभा राहिला, तर तो वाळूत दिसतही नाही. पलीकडे खडकांत एकटाच फिरणारा आणि सारखी शेपटी वरखाली हलवणारा पक्षी दिसला, तर तो तुतवार समजा. दोघांचे रंग बरेच जुळतात; पण चाल वेगळी. इथे पक्ष्याची वागणूकच त्याचे नाव सांगते.

पाण्याच्या कडेला पांढरे, कावळ्याएवढे पक्षी उडत असतील. त्यांची चोच आणि पाय लाल आहेत. हा तपकिरी डोक्याचा कुरव. "पण याचे डोके तर पांढरे आहे!" असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते; डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका असतो. उन्हाळा जवळ आला की डोके तपकिरी होऊ लागते. मग तो लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच सरोवरांकडे परत जातो. तिथेच त्याची पिल्ले जन्मतात. म्हणजे तो आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा आहे. पुष्कळ चिखलेही असेच दुरून येतात. त्यांच्या थव्यात धावत जाऊन त्यांना उडवण्यात काही मुलांना मौज वाटते. पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला आपण पोटभर खाऊ देऊ नये का?

खडकावर दोन बगळे उभे आहेत. एक पांढरा आणि दुसरा काळसर राखाडी. तुम्ही वहीत दोन जाती लिहाल. पण थांबा! समुद्री बगळ्याचे असे दोन रंग असतात. दोघे एकाच जातीचे असू शकतात. आणि पांढरा दिसला म्हणजे समुद्री बगळाच, असेही नाही. गुरांच्या मागे चालणारा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. चोच काळी, पाय काळे आणि बोटे मात्र पिवळी असतील, तर तो छोटा बगळा. शेताच्या बांधावर बसलेली ढोकरी तर जादूगारच आहे. बसलेली असताना ती मातकट दिसते. उडाली की एकदम पांढरीशुभ्र!

आता वर पाहा. माडांच्या वर एक घार घिरट्या घालत आहे. डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. ही ब्राह्मणी घार. तिचे पिल्लू मात्र तपकिरी असते. ते साध्या घारीसारखे दिसते. मग दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? शेपूट पाहा. साध्या घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, ब्राह्मणी घारीची गोलसर असते.

आपल्या देशात पक्षी पाहण्याची गोडी लावणारे थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहतात, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. "ही कोणती चिमणी?" असे त्यांनी आपल्या मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना विचारले. मामांनी त्यांना मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेत पाठवले. तेथील मिलर्ड साहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेत जपून ठेवलेले कितीतरी पक्षी त्यांना दाखवले. त्या एका पिवळ्या डागाने या मुलाचे आयुष्य बदलले. आज मात्र पक्षी मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सालिम अलींनीही पुढचे सारे आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासाला आणि रक्षणाला दिले.

१९३० साली ते अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत बसत. सुगरण हे नाव स्त्रीचे. म्हणून घरटे मादी विणते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. घरटे अर्धे झाले की मादी येते, ते आतून बाहेरून पाहते आणि पसंत पडले तरच तिथे राहते. हे कसे समजले? रोज तासन्‌तास शांत बसून पाहिल्यामुळे. पुढे १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. ते हातात घेऊन अनेकांनी पक्षी ओळखायला सुरुवात केली.

नावेही कधी कधी फसवतात. उर्दू शायरीतला बुलबुल तुम्हांला चांगला माहीत आहे. तो गुलाबासाठी गातो. पण तो इराणकडचा बुलबुल. आपल्या बागेतला बुलबुल वेगळ्याच कुळातला आहे. कोकणात डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल जागोजागी दिसतो. शब्द एकच, पक्षी दोन! म्हणून नाव ऐकून थांबू नये, पक्षी पाहावा.

तुम्ही विचाराल, "एवढे बारकाईने पाहून उपयोग काय?" एक खरी हकीकत ऐका. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्री गरुड राहतो. तो घारीपेक्षा खूप मोठा असतो. डोके आणि पोट पांढरे, पाठ राखाडी, शेपटी आखूड. तरंगताना तो पंख थोडे वर उचलून धरतो. मासे आणि समुद्रातले साप ही त्याची शिकार. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर तो काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच घरटे वापरतो. ते झाड तोडले, तर त्याचे घरच जाते. म्हणून कोणत्या झाडावर घरटे आहे, याची नोंद फार मोलाची असते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने अशा नोंदी केल्या. २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे गरुडांचा अभ्यास करताना कार्यकर्त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ती पाहून ते पुढे गेले नाहीत. थांबले आणि चौकशी केली. त्यातून कासवांची अंडी वाचवण्याचे काम सुरू झाले. पुढे किनाऱ्यावरची अनेक गावे त्यात सामील झाली. पाहायला गेले गरुड आणि वाचली कासवे! डोळे उघडे ठेवण्याचे असे फळ मिळते.

तेव्हा पुढच्या प्रवासात एक छोटी वही आणि पेन्सिल बरोबर घ्या. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. भडक रंगाचे कपडे घालू नका. सूर्याकडे पाठ करून उभे राहा. सूर्य समोर असला की सगळेच पक्षी काळे दिसतात. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. आकार लिहिताना चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही चार मापे वापरा. चोच, पाय आणि शेपटी यांचे साधे चित्र काढा. आज मोबाइलवर फोटो काढता येतो. पण पक्षी कसा चालला, कसा उडाला, ते फोटोत येत नाही. ते आपणच लिहायचे असते. पुस्तक नंतर उघडा, आधी पक्षी पाहा. कारण पुस्तक पळून जात नाही! घरट्याजवळ मात्र जाऊ नका.

आणि एवढे करूनही नाव कळले नाही तर? तर वहीत सरळ लिहा, 'ओळख पटली नाही'. त्यात लाज कसली? चुकीचे नाव लिहिले की शोध तिथेच संपतो. सालिम अलींनाही त्या चिमणीचे नाव माहीत नव्हते. त्यांनी ते विचारले, एवढेच.

शब्दार्थ
विसंबून राहणे – भरवसा ठेवणे
दुभंगलेले – दोन भाग झालेले
मातकट – मातीच्या रंगाचे
विटकरी – विटेसारख्या रंगाचे
खाडी – समुद्राचे पाणी जमिनीत आत शिरलेला भाग
पीतकंठी – पिवळ्या गळ्याची
टरफल – वरचे कवच

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पक्षी ओळखताना कोणते चार प्रश्न विचारावेत?
(आ) कोतवालाला हे नाव का मिळाले?
(इ) सुगरण पक्ष्यांत घरटे कोण विणते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा कुरव ओळखताना चूक होते.
(आ) समुद्री गरुडाच्या घरट्याची नोंद मोलाची असते.

प्र. ३. फरक सांगा.
(अ) साधी घार आणि ब्राह्मणी घार
(आ) चिखल्या आणि तुतवार

प्र. ४. या पाठातील पाच पक्ष्यांची नावे लिहा. त्यांना उर्दूत काय म्हणतात, ते घरी विचारून पुढे लिहा.

उपक्रम : शाळेच्या आवारात सात दिवस रोज दहा मिनिटे एकाच जागी शांत बसा. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद करा. ज्यांची ओळख पटली नाही, त्यांची चित्रे काढून शिक्षकांना दाखवा.