थ्री नॉट थ्रीचं साल कसं वाचतात

ट्रेझरीच्या दारातला पहारा, मतदान केंद्राबाहेरचा बंदोबस्त, पोलीस परेड. थ्री नॉट थ्री, म्हणजे आखूड एनफील्ड रायफल, पाहिलीच नाही असा मराठी माणूस विरळा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर एके-47 समोर उभ्या राहिलेल्या पोलिसांपैकी काहींच्या हातात हीच होती. पण ती कधीची, असं विचारलं तर ‘इंग्रजांच्या काळातली’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. पुष्कळदा ते उत्तरही चुकीचं असतं.

गंमत अशी की ही रायफल बारकाईने वाचणारे हौशी लोक आपल्याकडे नाहीत, अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. आपल्या कायद्यानं ती निषिद्ध बोअरची. सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. उलट भारतीय लष्कराच्या जुन्या मालातल्या कित्येक रायफली परदेशी दुकानांत पोचल्या आणि तिथे भिंगाखाली गेल्या.

पहिली नजर जाते ती लाकडी दस्ता जिथे पोलादाला मिळतो त्या कड्याकडे, बोल्टच्या दांड्याच्या खाली. तिथे मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि नमुना कोरलेला असतो. नुसतं ‘जी. आर.’ आणि खाली एनफील्ड किंवा बर्मिंगहॅमची बी.एस.ए. असेल तर रायफल विलायती. ‘जी. आर. आय.’ असेल तर ती बंगालातल्या ईशापूरची. शेवटचा ‘आय’ जॉर्जच्या सम्राटपदाचा. ईशापूरला आधी कंपनी सरकारचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, त्याच जागेवर 1904 मध्ये रायफल फॅक्टरी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले.

साल झिजलं असलं तरी नमुन्याच्या ओळीवरून अंदाज बांधता येतो. मार्क तीन 1907 चा. त्यापुढे चांदणी असेल तर पहिल्या महायुद्धात, 1916 च्या सुरुवातीला मंजूर झालेली काटकसरीची आवृत्ती. आणि ‘नंबर 1’ असं लिहिलं असेल तर 1926 नंतरची, कारण नावं तेव्हा बदलली. चांदणीच्या आवृत्तीत, युद्धाच्या घाईत, मॅगझीन बंद ठेवणारी पट्टी गेली. डाव्या अंगाची, 2800 यार्डांपर्यंत सामुदायिक गोळीबाराचा नेम धरायची साधनंही गेली. खंदकातल्या शिपायाला त्यांची उणीव भासली असेल असं वाटत नाही. पण दस्त्यावरची पितळी चकतीही गेली, आणि इतिहासाच्या दृष्टीनं तो खरा तोटा. पलटणीची खूण त्या चकतीवरच ठोकलेली असे. स्वित्झर्लंडच्या के-31 रायफलीच्या दस्त्याच्या पत्र्याखाली सैनिकाच्या नावाची चिठ्ठीसुद्धा सापडते. एनफील्ड कारखान्याचं नाव सांगते, माणसाचं नाही.

पण कड्यावरचं साल हे फक्त त्या एका भागाचं साल. मागच्या दृष्टिपट्टीजवळचं लाकूड काढलं की नळीच्या डाव्या बाजूला तिचं स्वतःचं साल दिसतं. कड्यावर 1917 आणि नळीवर 43 असेल, तर दुसऱ्या महायुद्धात म्हाताऱ्या रायफलीला नवी नळी बसली आणि ती पुन्हा कामावर गेली. बोल्टवरचा अनुक्रमांक रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा असेल, तर तो बोल्ट दुसरीकडून आला. ‘एफ. टी. आर.’ ही तीन अक्षरं आणि साल म्हणजे कारखान्यात सर्वांगीण दुरुस्ती. सगळे आकडे जुळणाऱ्या रायफलीला बाजारात जास्त भाव मिळतो. मला मात्र न जुळणारी अधिक बोलकी वाटते. तिची नोकरी तिच्या अंगावर लिहिलेली असते. पुढच्या लाकडात आरपार घातलेला ईशापुरी स्क्रू किंवा नळीभोवती घट्ट गुंडाळलेली तार दिसली की अनेकांना वाटतं, तडा गेला होता. दोन्ही असतात ते लाकूड फुटू नये म्हणून, तार विशेषतः ग्रेनेड फेकताना.

खोटेपणाही ठशांतच पकडला जातो. खैबर खिंडीच्या परिसरातल्या, विशेषतः दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हातानं एनफील्डच्या नकला केल्या. हात कुशल, पण इंग्रजी अक्षरं त्यांच्यासाठी नक्षीच. त्यामुळे कुठे ‘एन’ उलटा, कुठे स्पेलिंग गडबडलेलं. काहींवर व्हिक्टोरिया राणीचं ‘व्ही. आर.’ आणि खाली राणी वारल्यानंतरचं साल. राणी 1901 च्या जानेवारीत गेली. या आखूड एनफील्डचा पहिला नमुना मंजूर झाला तो त्यानंतर, म्हणजे तिच्यावर ‘व्ही. आर.’ असूच शकत नाही.

अमेरिकेत पोचलेल्या रायफलीवर आणखी एक ठसा दिसतो, आयातदाराचा. 1968 च्या कायद्यानं तिथली जुन्या लष्करी बंदुकांची आयात जवळपास थांबली आणि 1980 च्या दशकात पुन्हा खुली झाली. त्यानंतर आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-गाव कोरलेलं असतं.

सर्वात जास्त गोंधळ ईशापूरच्या 2ए1 रायफलीवरून होतो. दिसायला हुबेहूब थ्री नॉट थ्री, म्हणून ती जुनी रायफल नवीन काडतुसासाठी बदललेली आहे असं बिनधास्त सांगितलं जातं. ते खरं नाही. 1962 च्या चीन युद्धानंतर ईशापूरनं ती 7.62 च्या काडतुसासाठी, जास्त मजबूत पोलादात नव्यानं घडवली. 2ए1 च्या कड्यावर आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी, ईशापूर), नमुना आणि साल स्पष्ट असतं, तरीही विक्रेता ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद न घालता मॅगझीन पाहावं. चौकोनी, 12 काडतुसांचं असेल, तर रायफल त्या युद्धानंतर साधारण दोन दशकांनी जन्मली आहे.