विश्लेषण : महापालिकेचे अनुदान शून्यावर, तरी बर्मिंगहॅमचा बॅले उभा कसा?

ब्रिटनमधील बर्मिंगहॅम महापालिकेने ५ सप्टेंबर २०२३ रोजी तिजोरीत खडखडाट असल्याची कायदेशीर नोटीस काढली. त्यानंतर अठराव्या दिवशी त्याच शहरातील हिप्पोड्रोम नाट्यगृहात ‘ब्लॅक सॅबथ – द बॅले’चा पहिला प्रयोग झाला. हेवी मेटल संगीतावर नाचणारे बॅले नर्तक आणि शेवटी खुद्द टोनी आयोमी गिटार घेऊन रंगमंचावर. प्रयोगांची तिकिटे आधीच संपली होती. पुढच्या दोन वर्षांत मात्र पालिकेने ‘बर्मिंगहॅम रॉयल बॅले’सह शहरातील बड्या कलासंस्थांचे अनुदान आधी निम्मे केले आणि मग शून्यावर आणले. ज्या महापालिकेने ३५ वर्षांपूर्वी ही कंपनी मोठ्या हौसेने लंडनहून आणली, तिनेच हात वर केले. तरीही कंपनी बंद पडलेली नाही. याचे श्रेय केवळ आजच्या कलासंचालकांचे नाही. तीन कलासंचालकांनी एकामागून एक केलेल्या कामाचा तो हिशेब आहे.

बॅले कंपनी ‘प्रादेशिक’ म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये बॅले म्हटले की लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील ‘रॉयल बॅले’ डोळ्यांसमोर येतो. राजधानीबाहेर मुक्काम असलेल्या कंपन्या ‘प्रादेशिक’ ठरतात. हा शब्द दर्जाचा नव्हे, पत्त्याचा आहे. बर्मिंगहॅमच्या कंपनीत सुमारे ६० पूर्णवेळ नर्तक आहेत आणि ‘रॉयल बॅले सिम्फोनिया’ हा स्वतःचा वाद्यवृंद आहे. फरक आहे तो प्रेक्षकांत. लंडनमध्ये जगभरचे पर्यटक तिकीट काढतात. मुंबई-पुणे अंतरापेक्षा थोड्या जास्त अंतरावरच्या बर्मिंगहॅममध्ये प्रेक्षक मिळवावा लागतो, टिकवावा लागतो आणि शिवाय गावोगावी दौरेही करावे लागतात. त्यामुळे अशा कंपनीच्या कलासंचालकाला एका प्रश्नाचे उत्तर सतत द्यावे लागते : या शहराला बॅले हवाच कशाला?

मुळात तो बर्मिंगहॅमला आलाच कसा?

निनेट द व्हॅल्वा यांची मूळ कंपनी १९४६ मध्ये कॉव्हेंट गार्डनला गेली तेव्हा सॅडलर्स वेल्स नाट्यगृहासाठी त्यांनी दुसरी, लहान कंपनी उभी केली. हीच पुढे ‘सॅडलर्स वेल्स रॉयल बॅले’ झाली. वर्षातला मोठा काळ दौऱ्यांवर जाणाऱ्या या कंपनीकडे थोरल्या भावाच्या सावलीत वाढणाऱ्या धाकट्यासारखे पाहिले जाई. १९७७ पासून तिचे नेतृत्व पीटर राइट यांच्याकडे होते.

ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅमचे कारखाने बंद पडत होते. शहराला नवा चेहरा देण्यासाठी पालिकेने संस्कृतीवर डाव लावला. तरुण सायमन रॅटल यांच्या हाताखाली शहराचा वाद्यवृंद नावारूपाला आला होता, १९९१ मध्ये त्याच्यासाठी ‘सिम्फनी हॉल’ उघडले. बॅले हा याच डावाचा भाग. १९९० मध्ये राइट आपली कंपनी घेऊन बर्मिंगहॅमला आले. हा निर्णय वाटतो तितका सरळ नव्हता. राजधानी सोडणे म्हणजे समीक्षकांच्या नजरेआड होणे. शिवाय ६० माणसांची बिऱ्हाडे हलवायची होती.

राइट यांनी शहराचे आभार मानले ते ‘द नटक्रॅकर’ बसवून. जॉन मॅकफार्लेन यांच्या नेपथ्यातले, रंगमंचावर उंच उंच होत जाणारे नाताळचे झाड पाहायला येणारी पोरे आज आपल्या पोरांना घेऊन येतात. जगभरातील बहुतेक बॅले कंपन्यांची वर्षाची मोठी कमाई डिसेंबरातील नटक्रॅकरवर होते. म्हणजे राइट यांनी शहराला भेट दिली आणि कंपनीला भरवशाचा कमाईचा मार्गही.

बिंटली यांची २४ वर्षे

१९९५ मध्ये डेव्हिड बिंटली कलासंचालक झाले आणि २०१९ पर्यंत राहिले. यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डचा हा माणूस स्वतः नृत्यदिग्दर्शक होता, ही त्यांची जमेची बाजू. कंपनीला नवी कृती बाहेरून विकत आणावी लागत नव्हती. साल्फर्डमधल्या चपलाबुटांच्या दुकानाची गोष्ट सांगणारा ‘हॉब्सन्स चॉइस’ त्यांनी १९८९ मध्येच बसवला होता. बॅलेत राजपुत्र आणि हंसच असले पाहिजेत असे नाही, हे त्या एका कृतीने दाखवले. १९९७ मध्ये कंपनी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसपासून प्रशासकीयदृष्ट्याही स्वतंत्र झाली.

या काळातले सर्वांत टिकाऊ काम मात्र मंचाबाहेरचे होते. शहरातल्या प्राथमिक शाळांमध्ये जाऊन मुले निवडायची आणि त्यांना बॅले शिकवायचा, असा ‘डान्स ट्रॅक’ हा उपक्रम सुरू झाला. २००४ मध्ये ‘एल्महर्स्ट’ ही निवासी बॅले शाळा बर्मिंगहॅमला आली. नर्तकांच्या दुखापतींवर उपचार करणारे केंद्रही कंपनीकडे आहे. २००६ मध्ये ‘बॅले हू’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी कधीही बॅले न केलेल्या, अडचणीच्या परिस्थितीतल्या तरुण मुलामुलींना ‘रोमिओ अँड ज्युलिएट’साठी तयार करण्यात आले. अशा कामाची परीक्षणे छापून येत नाहीत. पण अनुदानावर कुऱ्हाड येते तेव्हा शहरातले पालक कोणाच्या बाजूने बोलतात, ते यावर ठरते.

अकोस्टा यांनाच का निवडले?

कार्लोस अकोस्टा यांचा जन्म १९७३ मध्ये हवानात झाला. अकरा भावंडांतले ते शेंडेफळ. वडील ट्रकचालक. पोरगा रस्त्यावर वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला बॅले शाळेत घातले. १९९० मध्ये लोझानच्या स्पर्धेत सुवर्णपदक, नंतर ह्यूस्टन, १९९८ पासून लंडनच्या रॉयल बॅलेत १७ वर्षे. जागतिक नाव, कृष्णवर्णीय नर्तक, कामगाराचा मुलगा. २०२१ च्या जनगणनेनुसार ज्या शहरात श्वेतवर्णीय निम्म्याहून कमी आणि आशियाई वंशाचे ३१ टक्के आहेत, तिथे या चेहऱ्याला अर्थ होता.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अकोस्टा घडले तेच एका प्रादेशिक कंपनीत. टेक्सासमधील ‘ह्यूस्टन बॅले’ला बेन स्टीव्हन्सन या इंग्रज दिग्दर्शकाने नाव मिळवून दिले होते. त्याच कंपनीत घडलेले चीनचे ली चुन्शिन पुढे ऑस्ट्रेलियातील ‘क्वीन्सलँड बॅले’चे कलासंचालक झाले. राजधानीपासून दूर मोठे काम करता येते, हे दोघांनीही तिथे जवळून पाहिले.

अकोस्टा जानेवारी २०२० मध्ये रुजू झाले आणि मार्चमध्ये करोनाने नाट्यगृहे बंद केली. ऑक्टोबरमध्ये मोजक्या प्रेक्षकांपुढे ‘लाझुली स्काय’ सादर झाले. तरुण नर्तकांसाठी त्यांनी ‘बीआरबी२’ ही छोटी तुकडी उभी केली. मोठा पसारा मावणार नाही अशा नाट्यगृहांत ती जाते.

हेवी मेटल कशासाठी?

ब्लॅक सॅबथ हा बँड १९६८ मध्ये बर्मिंगहॅममध्येच जन्माला आला. पत्र्याच्या कारखान्यात काम करताना आयोमी यांच्या बोटांची टोके तुटली. त्यावर उपाय म्हणून त्यांनी वाजवण्याची पद्धत बदलली आणि त्यातून तो जड, घुमणारा आवाज घडत गेला. म्हणजे हे संगीत अक्षरशः शहराच्या कारखान्यातून आलेले. अकोस्टा यांनी शहरावरच्या तीन कृतींची मालिका योजली. २०२१ चे ‘सिटी ऑफ अ थाउजंड ट्रेड्स’ स्थलांतरित कामगारांवर होते, २०२३ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ आणि २०२४ मध्ये शहरातील स्त्रियांवरचे ‘लुना’. ‘लुना’च्या नृत्यदिग्दर्शिकांमध्ये भरतनाट्यम नृत्यांगना सीता पटेल यांचाही समावेश होता.

ही प्रसिद्धीची क्लृप्ती आहे, असे म्हणणारे होतेच. त्या शंकेत तथ्य आहे. सॅबथचा टी-शर्ट घालून आलेला प्रेक्षक ‘स्वान लेक’ला येईलच असे नाही. पण त्याला पहिल्यांदा हिप्पोड्रोमच्या दारापर्यंत आणणे हेही काम आहे, आणि ते याआधी कोणाला जमले नव्हते.

पालिकेने हात का आखडता घेतला?

नोटीस निघाली म्हणजे पालिकेला कुलूप लागत नाही. कायद्याने बंधनकारक सेवा सोडून नवा खर्च थांबतो. कारण बॅलेपेक्षा फार मोठे होते. स्वयंपाक, स्वच्छता, शाळांमधील मदतनीस अशी कामे करणाऱ्या हजारो स्त्रियांना पालिकेने वर्षानुवर्षे समान पातळीवरच्या पुरुषांपेक्षा कमी मोबदला दिला होता. त्याची थकबाकी ७६ कोटी पौंडांपर्यंत जाईल, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्यात नव्या संगणक प्रणालीचा फसलेला आणि महागडा प्रयोग. २०२४ मध्ये सुमारे ३० कोटी पौंडांची कपात ठरली आणि घरपट्टीसारखा स्थानिक कर एका झटक्यात जवळपास १० टक्क्यांनी वाढला. ग्रंथालये आणि युवक केंद्रे यांनाही झळ बसली. त्यामुळे ‘कला विरुद्ध नोकरशाही’ असे हे चित्र नाही. फसवल्या गेलेल्या सफाई कामगार स्त्रीचा हक्क आणि शाळेत बॅले शिकणाऱ्या मुलीचा वर्ग, दोन्ही एकाच तिजोरीतून जाणार होते.

मग खर्च भागतो कसा?

सर्वांत मोठा सार्वजनिक आधार महापालिकेचा नाहीच. तो ‘आर्ट्स कौन्सिल इंग्लंड’चा आहे. या संस्थेचा निधी लंडनबाहेर वळवण्याकडे कल आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने ‘इंग्लिश नॅशनल ऑपेरा’चे नियमित अनुदान काढून राजधानीबाहेर जाण्याची अट घातली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. वर्षभराने ऑपेराने मँचेस्टर परिसराची निवड केली. बर्मिंगहॅमच्या बॅलेने हेच ३२ वर्षे आधी आपखुशीने केले होते. त्यामुळे या वादात तो सुरक्षित बाजूला राहिला. शिवाय तिकीटविक्री, देणगीदार आणि नाट्यनिर्मितीवरील करसवलत आहे. एप्रिल २०२५ पासून ही सवलत दौऱ्यावरील निर्मितीसाठी ४५ टक्के आणि इतरांसाठी ४० टक्के अशी कायम झाली. दौरे करणाऱ्या कंपनीला त्याचा थेट फायदा होतो.

पैशाची ही जुळवाजुळव कलासंचालक एकटा करत नाही. कोणती कृती, कोणता नर्तक, कोणती भूमिका हे त्याच्या अखत्यारीत. करार, देणग्या आणि जमाखर्च मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. २०२३ च्या त्या कसोटीच्या काळात हे पद कॅरोलाइन मिलर यांच्याकडे होते. दोघेही विश्वस्त मंडळाला उत्तरदायी असतात. अनेक कंपन्या फिसकटतात त्या या सांध्यात. क्वीन्सलँडमध्ये ली निवृत्त झाल्यावर आलेल्या लिअॅन बेंजामिन यांनी २०२४ मध्ये काही महिन्यांतच पद सोडले. कंपनीची आर्थिक स्थिती तेव्हा चर्चेचा विषय होती.

बर्मिंगहॅममध्ये सर्वांत आधी कात्री लागण्याची भीती आहे ती शाळांमधल्या वर्गांना. नटक्रॅकरचे तिकीट विकता येते, प्राथमिक शाळेतल्या वर्गाचे नाही. २०२५ च्या जुलैत ऑझी ऑस्बर्न यांनी व्हिला पार्कवर अखेरची मैफल केली आणि त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. सप्टेंबरात ‘ब्लॅक सॅबथ’ पुन्हा हिप्पोड्रोमवर आला आणि नंतर दौऱ्यावर निघाला. महापालिकेचा एक पौंडही त्या वर्षी कंपनीच्या ताळेबंदात नव्हता.