टँकर उलटल्यानंतरचा पहिला तास

घातक रसायनाच्या अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचणारा अग्निशमन जवान असो, पोलीस शिपाई असो की १०८ रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर, प्रशिक्षणात त्याला पहिल्यांदा थांबायला शिकवतात. पुरात किंवा घराला लागलेल्या आगीत झटकन पुढे होणारा जीव वाचवतो. वायुगळतीत तसाच धावलेला माणूस बहुधा पुढचा रुग्ण ठरतो. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीला बंदराच्या आवारात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला, तेव्हा बाधितांमध्ये मदतीला गेलेले अग्निशमन जवानही होते.

राज्यात या शिक्षणाचे मोठे केंद्र नागपूर. १९५७ मध्ये तिथे आपत्कालीन मदतीचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली आणि १९६८ मध्ये तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. रामपूरला १९५६ मध्ये निघालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही वर्षभरात नागपुरात आले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८९ आणि १९९६ मध्ये रासायनिक सुरक्षेचे नियम झाले. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्याच्या स्वतःच्या दलाची तुकडी धुळ्यात असते.

प्रशिक्षणाचा पाया म्हणजे टँकरवरची पाटी वाचणे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या वाहनावर रसायनाचे नाव, चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक, धोक्याचे चौकटचिन्ह आणि तातडीचा दूरध्वनी क्रमांक लिहावाच लागतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १२०३ पेट्रोल, १८३० गंधकाम्ल. शेजारी हॅझकेम संकेत असतो. पेट्रोलचा संकेत ‘३ वाय ई’. त्यातला ३ सांगतो की फेस वापरा. वाय सांगतो की स्फोटाचा धोका आहे, श्वसनयंत्र लावा आणि माल गटारात जाऊ न देता अडवा. ई म्हणजे वस्ती हलवण्याचा विचार करा. तीन अक्षरांत एवढे सगळे मावते; पण वाचणारा नसेल तर ती पाटी नुसता रंगवलेला पत्रा.

ही पाटी दुरूनच, शक्य तर दुर्बिणीतून वाचायची असते. हात लांब करून अंगठा उभा धरावा. अपघाताची सगळी जागा अंगठ्याआड झाकली जात नसेल तर माणूस फार जवळ आहे, आणखी मागे सरावे. वारा पाठीवर घ्यावा, चढाच्या बाजूला उभे राहावे. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने नाल्यात, घाटाच्या खोलगट भागात साचतो. द्रवरूप रसायनही उतार शोधत जाते. १३ जून २०२३ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ मिथेनॉलचा टँकर पेटला, तेव्हा पेटते द्रव पुलावरून ओघळून खालच्या रस्त्यावर पडले आणि तिथून जाणाऱ्यांनाही त्याने गाठले.

पुढच्या पायरीवर प्रत्यक्ष गळती थांबवण्याचे काम येते. सरावासाठी क्लोरीनचा टनर उत्तम. जलशुद्धीकरण केंद्रांवर वापरली जाणारी ही टाकी सुमारे ९०० किलो वायू साठवते. गळती दिसताच टनर फिरवून छिद्र वरच्या बाजूला आणतात, म्हणजे द्रवाऐवजी फक्त वायू बाहेर येतो आणि गळतीचे प्रमाण पुष्कळ घटते. छिद्रावर थेट पाणी मारायचे नाही; त्यातून आम्ल तयार होऊन धातू कुरतडला जातो आणि भोक मोठे होते. मग व्हॉल्व्हवर टोपी बसवून ती कसायची. हे सगळे जाड हातमोज्यांनी, वायुरोधक पोशाखात. त्यात घाम निथळतो, काच धुरकट होते, बोलणे जेमतेम ऐकू येते. पाठीवरची हवा मेहनतीच्या कामात झपाट्याने संपते, म्हणून जोडीनेच आत जायचे आणि तशीच दुसरी जोडी बाहेर तयार ठेवायची. कोणीही आत शिरण्याआधी परतणाऱ्यांना धुऊन काढण्याची जागा मांडलेली हवी. घाईत विसरली जाते ती नेमकी हीच तयारी, आणि जवानाच्या कपड्यांवरचे रसायन मग रुग्णालयापर्यंत जाते.

नंदुरबार जिल्ह्यात या शिक्षणाची निकड डोळ्यांसमोर आहे. गुजरातच्या रासायनिक पट्ट्यातून येणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता खापर, अक्कलकुवा, तळोदा, शहादा असा जातो, तर सुरत-धुळे महामार्ग नवापुरातून. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या वाघाडीत ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रसायन कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार मेले. काठीसारखे गाव या रस्त्यांपासून दूर, सातपुड्यात आत आहे. पण मोलगी-काठीकडच्या माणसांचा बाजार, दवाखाना आणि एसटी अक्कलकुव्यातच, त्याच रस्त्यावर. टँकर उलटला तर धुळ्याची तुकडी येईपर्यंतचा वेळ पोलीस पाटील, ठाण्याचा शिपाई आणि रुग्णवाहिकेचा चालक यांच्या हाती असतो. त्यांनी वायूचे छिद्र बुजवावे अशी अपेक्षाच नाही. पाटी वाचणे, क्रमांक नियंत्रण कक्षाला कळवणे, वाहतूक रोखणे, डबे घेऊन तेल भरायला आलेल्यांना हटवणे आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने वस्ती हलवणे, एवढे शिकायला फार दिवस लागत नाहीत. हटण्याची हाक भिलीत आणि पावरीतही देता आली पाहिजे. हे शिक्षण नागपुरातच न ठेवता अक्कलकुवा, मोलगी आणि नवापूरच्या पोलीस ठाण्यांत, तिथल्या भाषेत, दरवर्षी दिले जावे.